मोदकाच्या आकाराचा चेकबॉक्स

गणपतीच्या जेवणाच्या नावनोंदणीचा फॉर्म बनवायचं काम माझ्याकडे आलं ते ‘तू पीएचडी केली आहेस ना, मग तुला येईलच’ या न्यायाने. माझी पीएचडी वेबसाइट बनवण्यात नाही. पण पोस्टडॉकच्या कामात ऑनलाइन प्रश्नावल्या कराव्या लागतात, त्यामुळे एचटीएमएल आणि सीएसएसशी जुजबी ओळख आहे. शिवाय सगळ्यांनी कौतुक करावं असं काहीतरी करून दाखवायची खुमखुमी होती. ब्राउझरचा तो करडा, चौकोनी, सरकारी दिसणारा चेकबॉक्स मला सणाच्या फॉर्मवर शोभेना. म्हणून मी तो लपवला आणि त्याच्या जागी मोदक काढला. रिकामा मोदक म्हणजे ‘नाही’, केशरी मोदक म्हणजे ‘हो’. ‘किती जण येणार’ या यादीलाही केळीच्या पानाची किनार दिली. व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला.

तीन दिवसांनी ग्रुपमधल्या एकाने फोन केला. त्याचे वडील सहा महिन्यांसाठी नाशिकहून इथे आले होते. निवृत्त बँक अधिकारी. काचबिंदूने दृष्टी गेली त्याला दहा वर्षं झाली. लॅपटॉपवर स्क्रीन रीडर लावून मेल, बातम्या, बँक सगळं स्वतः करतात. ‘बाबांना तुझा फॉर्म भरता येत नाहीये. मी भरून देतो म्हटलं तर रागावले. तूच बोल.’

मी बोललो. काका म्हणाले, ‘अरे, नाव लिहिलं, ईमेल लिहिला. पुढे टॅब दाबला तर थेट शेवटच्या बटणावर. मधे काही आहे की नाही?’ मी म्हटलं, ‘काका, मधे मोदक आहेत.’ ते म्हणाले, ‘असतील. पण तू ते दाखवलेस, वाढले नाहीस.’

मग त्यांनी बटण दाबल्यावर काय होतं तेही सांगितलं. काहीच होत नव्हतं. म्हणजे माझ्या दृष्टीने होत होतं: न भरलेल्या खान्यांभोवती लाल रेघ उमटत होती. काकांच्या दृष्टीने (हा शब्दप्रयोग इथे किती क्रूर आहे ते लिहिताना कळलं) ते बटण मेलेलं होतं.

ते काका स्वोर्ड्समधल्या आमच्या घरापासून पांढरी काठी घेऊन एकटे निघायचे. सिग्नलच्या खांबावरचं बटण टकटक करतं, त्या आवाजावर रस्ता ओलांडायचे. कडेच्या फुटपाथवर पायाला लागतील असे उंचवटे असतात, त्यावरून कुठे थांबायचं ते कळायचं. ४१ नंबरच्या बसमध्ये पुढच्या थांब्याचं नाव बोलून सांगितलं जातं, ते ऐकत डब्लिन शहरात जाऊन परत यायचे. परक्या देशातल्या परक्या गावाने त्यांना कुठे अडवलं नाही. अडवलं ते आपल्या मराठी मंडळाच्या फॉर्मने, आणि तो मी बनवला होता.

हा लेख त्या लाजेतून लिहितो आहे. पण तो केवळ माझ्या लाजेपुरता नाही. कारण मी जे केलं ते आपल्यातले हजारो लोक रोज पगार घेऊन करतात. परदेशातल्या मराठी घरांत सॉफ्टवेअरवाले किती आहेत ते कुठल्याही मंडळाच्या स्नेहसंमेलनात मोजून पाहा. हिंजवडीत असो की डब्लिनच्या सँडीफर्डमध्ये, जगाचे फॉर्म बनवणारे आपणच आहोत. ‘वेबसाइट नीट नाही’ अशी तक्रार आपण दुसऱ्या कुणाच्या नावाने करू शकत नाही.

काय मोडतो आपण?

जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. वेबपानावरचा फॉर्म ही जुनी वस्तू आहे. टाइप करायचा खाना, चेकबॉक्स, रेडिओ बटण, निवड करायची यादी हे सगळं १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्येच होतं. खान्याला त्याचं नाव बांधून ठेवणारं ‘लेबल’ १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये आलं. मी तेव्हा पाटी-पेन्सिलीच्या वयात होतो. इतकी वर्षं या साध्या दिसणाऱ्या चौकोनांच्या मागे ब्राउझर बनवणाऱ्यांनी मुकाट्याने केवढं काम करून ठेवलं आहे, ते तो चौकोन काढून टाकेपर्यंत लक्षातच येत नाही.

खरा चेकबॉक्स स्क्रीन रीडरला तीन गोष्टी सांगतो: माझं नाव ‘शाकाहारी जेवण’, मी चेकबॉक्स आहे, आणि आत्ता मी टिक केलेला नाही. टॅब दाबत आलं की त्याच्यावर थांबता येतं, स्पेसबार दाबला की टिक होते. हात थरथरणाऱ्या माणसाला माउस नेमका नेऊन ठेवता येत नसेल, तर लेबलवर कुठेही टिचकी मारली तरी चालते. आवाजाने संगणक चालवणारा माणूस त्या लेबलचं नाव उच्चारून टिक करू शकतो. कमी दिसणारी माणसं विंडोजमध्ये काळ्यावर पिवळं अशी ठळक रंगसंगती लावतात, तिच्यात तो स्वतःचा रंग बदलतो. यातल्या एकाही गोष्टीसाठी आपल्याला एक ओळ लिहावी लागत नाही.

आपण काय करतो? सीएसएसमध्ये त्या खऱ्या चेकबॉक्सला ‘डिस्प्ले: नन’ लावतो आणि शेजारी एक रिकामा स्पॅन घेऊन त्यात चित्र काढतो. ‘डिस्प्ले: नन’ फक्त डोळ्यांपासून लपवत नाही. तो घटक टॅबच्या वाटेवरूनही जातो आणि स्क्रीन रीडरला जे पान ‘दिसतं’ त्यातूनही जातो. उरतं ते फक्त चित्र. माझ्या मोदकाचं नेमकं हेच झालं होतं. काकांना ‘शाकाहारी जेवण’ हे शब्द ऐकू येत होते, पण ते टिक करायचं काही आहे हे कळत नव्हतं. चुकून एंटर दाबला जाऊन टिक झाली असती, तरी झाली की नाही हे सांगणारं कुणी नव्हतं. आणि मोदक मी पार्श्वभूमीच्या रंगाने रंगवला होता. ठळक रंगसंगतीत विंडोज असले पार्श्वभूमीचे रंग काढून टाकतं, त्यामुळे तिथे रिकामा मोदक आणि भरलेला मोदक सारखेच दिसत होते.

यादीचं प्रकरण याहून वाईट. निवड करायची खरी यादी बाणांच्या कळांनी खालीवर होते, अक्षर टाइप केलं की त्या अक्षरापाशी उडी मारते, एस्केपने मिटते, मोबाइलवर त्या त्या फोनच्या सवयीप्रमाणे उघडते. आपण तिच्या जागी डिव्हांचा ढीग रचतो आणि माउसच्या टिचकीवर तो उघडायला शिकवतो. बाकीचं शिकवायचं राहून जातं. तारखेच्या खान्याची तर कमाल आहे. देखणं कॅलेंडर उघडतं, आणि मागे जायला फक्त एक छोटा बाण. १९५१ च्या मार्चमध्ये जन्मलेल्या माणसाने २०२५ च्या सप्टेंबरपासून एकेक महिना मागे जायचं म्हटलं तर ८९४ वेळा टिचकी मारावी लागते. जन्मतारीख ही काही शोधायची गोष्ट नव्हे, ती माणसाला पाठ असते. म्हणूनच ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळांच्या नियमावलीत दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे खाने द्यायला सांगितलं आहे.

आपल्या भाषेचेही खास हाल होतात. इंग्रजी अक्षरं मोजून खान्याची उंची पक्की केली की देवनागरीत वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो. ‘सूर्यवंशी’ लिहिणाऱ्याला आपलं आडनाव अर्धंच दिसतं. मजकूर मोठा केला की अजूनच कापतं. आणि पान मराठी आहे हे कोडमध्ये सांगितलंच नसेल, तर स्क्रीन रीडर आपलं मराठी इंग्रजी आवाजात वाचायचा प्रयत्न करतो किंवा सरळ गप्प बसतो. पानाच्या पहिल्या ओळीत भाषेच्या जागी ‘एमआर’ ही दोन अक्षरं लिहिणं एवढाच त्यावर उपाय. आपल्या किती मराठी पानांवर ती आहेत हे तपासायला मला भीती वाटते. माझ्या फॉर्मवर नव्हती.

‘मग काय सुंदर करूच नये?’

हा पहिला बचाव, आणि तो माझाच होता. काकांच्या फोननंतर मी मनात म्हणालो की आता सगळं पुन्हा करडं आणि सरकारी करावं लागणार. तसं काही नाही, हे एका संध्याकाळच्या कामात कळलं.

खरा चेकबॉक्स काढायचा नाही. तो जागच्या जागी ठेवून पारदर्शक करायचा, चित्राच्या नेमका वर पसरायचा. मग टिचकीही त्याच्यावर पडते, टॅबही त्याच्यावर थांबतो, स्क्रीन रीडरलाही तो सापडतो. डोळ्यांना दिसतो तो खालचा मोदक. किंवा ‘अपिअरन्स: नन’ लावून त्याच चेकबॉक्सचं मूळ रूप उतरवायचं आणि आपलं चढवायचं; घटक तोच राहतो. नुसता रंगच बदलायचा असेल तर ‘ॲक्सेंट-कलर’ नावाची एका ओळीची सोय आहे, आणि ती आजच्या सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालते. यादी हवी तशी सजवता यावी म्हणून क्रोमने २०२५ मध्ये आवृत्ती १३५ पासून खऱ्या यादीलाच सजवायची मुभा दिली आहे. ज्या ब्राउझरला ती कळत नाही तो साधी यादी दाखवतो, आणि कुणाचंही जेवण चुकत नाही.

माझा मोदक आजही आहे. फक्त आता त्याला बारीक बाह्यरेषा आहे, जी ठळक रंगसंगतीतही टिकते, आणि भरलेल्या मोदकात बरोबरची खूण आहे. कारण नुसता रंग बदलणं ही खूण सगळ्यांना दिसत नाही, रंगांधळ्या माणसाला तर नाहीच. टॅब त्याच्यावर आला की भोवती जाड निळी चौकट येते. ती चौकट आपल्यातले कित्येक जण ‘आउटलाइन: नन’ लिहून पुसून टाकतात, कारण डिझायनरला ती ‘घाण’ दिसते. कीबोर्डवर चालणाऱ्या माणसाला ती चौकट म्हणजे आपण कुठे उभे आहोत हे सांगणारी एकमेव खूण असते. माउसवाल्यांना ती नकोच असेल तर ‘फोकस-व्हिजिबल’ वापरा. ती फक्त कीबोर्ड वापरताना दिसते. सौंदर्य आणि सोय यांचं भांडण नाहीच. भांडण आहे ते आळसाशी.

‘असे कितीसे लोक असणार?’

हा दुसरा बचाव. आयर्लंडच्या २०२२ च्या जनगणनेत ११ लाखांहून अधिक लोकांनी, म्हणजे लोकसंख्येच्या २२ टक्क्यांनी, आपल्याला एखादी दीर्घकालीन व्याधी किंवा अडचण असल्याचं सांगितलं. भारताच्या २०११ च्या जनगणनेत हा आकडा होता २.६८ कोटी, म्हणजे २.२१ टक्के, महाराष्ट्रात साधारण २९.६ लाख. आता आयरिश माणूस आपल्यापेक्षा दहापट अपंग असतो असं कुणी म्हणणार नाही. फरक आहे तो विचारण्यात. इथे ‘थोडीफार अडचण’ असणाऱ्यांनाही विचारलं जातं. तिथे तेव्हा ठरावीक आठ प्रकारांची यादी होती. पुढे २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले, १९९५ च्या कायद्यात ते सातच होते. म्हणजे माणसं किती हे सुद्धा फॉर्मवर कोणते खाने आहेत यावर ठरतं.

आणि यात आपण स्वतः नाही असं समजू नका. चाळिशीनंतर चष्मा कपाळावर ठेवून फोन हातभर लांब धरणारा माणूस, मनगटाला प्लास्टर असलेला माणूस, कडेवर बाळ घेऊन एका अंगठ्याने फॉर्म भरणारी आई, पार्किन्सन झालेली मावशी, हे सगळे तुमच्या नाजूक आठ पिक्सेलांच्या गोलावर नेम धरून बसलेले आहेत. डब्ल्यूसीएजी या जगन्मान्य नियमावलीच्या २०२३ च्या २.२ आवृत्तीने अशा बटणासाठी किमान २४ बाय २४ पिक्सेल जागा सांगितली आहे. ती कुणा ‘विशेष’ लोकांसाठी नाही.

परदेशात राहणाऱ्या आपल्याला तर हे सगळं घरातच दिसतं. साताऱ्याच्या वडिलांचा फॉर्म स्वोर्ड्सचा मुलगा भरतो. तिकडे रात्रीचे दहा वाजलेले असतात, इकडे संध्याकाळ. ‘बाबा, आता ओटीपी आला असेल, तो सांगा. नाही, तो आधीचा. नवा सांगा.’ आपण याला सेवा म्हणतो, आईवडिलांचं करणं म्हणतो. मीही म्हणत होतो. पण ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं लोकांच्या खात्यांचे हिशेब बिनचूक ठेवले, त्याला स्वतःच्या खात्याचा पासवर्ड मुलाला सांगावा लागतो, तेव्हा त्याचं म्हातारपण त्याला आडवं आलेलं नसतं. त्याला आडवा आलेला असतो एक वाईट ड्रॉपडाउन. काका मुलावर का रागावले ते मला त्या दिवशी कळलं. त्यांना जेवणाची नोंदणी स्वतः करायची होती. एवढंच.

‘नंतर करू’, ‘विकत घेऊ’, ‘आरिया लावू’

उरलेले बचाव कचेरीतले आहेत. ‘आधी रिलीज होऊ दे, ॲक्सेसिबिलिटी पुढच्या स्प्रिंटमध्ये.’ ती पुढची स्प्रिंट कधी आली आहे ते वाचकांनी आपापल्या अनुभवावरून सांगावं. भिंत बांधून झाल्यावर दार काढायचं म्हटलं की खर्च वाढतो, आणि मग त्याच खर्चाचं कारण सांगून दार काढायचं टाळलं जातं.

‘एक तयार पट्टी विकत घेऊ, ती सगळं आपोआप सुगम्य करते.’ असल्या पट्ट्यांना ओव्हरले म्हणतात. पानाच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचं किंवा माणसाचं छोटं चित्र दिसतं ते हेच. अशी पट्टी विकणाऱ्या ॲक्सेसिबी या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल दहा लाख डॉलर भरण्याचा आदेश काढला. माझा लपवलेला चेकबॉक्स कोपऱ्यातलं चित्र पाहून स्वतःहून बाहेर येणार नव्हता.

‘आरिया लावलं की झालं.’ आरिया म्हणजे स्क्रीन रीडरसाठी कोडमध्ये लिहायच्या खुणा: हा डिव्ह म्हणजे चेकबॉक्स समज, हा उघडा आहे, हा मिटलेला. खुणा उपयोगाच्या आहेत, पण त्या फक्त बोलतात. करत काही नाहीत. डिव्हवर ‘चेकबॉक्स’ अशी पाटी लावली म्हणून स्पेसबारने तो टिक होऊ लागत नाही. ते सगळं पुन्हा आपणच लिहायचं असतं. हॉटेलच्या दारावर ‘जेवण तयार’ अशी पाटी आणि आत चूल थंड, तसं ते. वेबएम ही अमेरिकेतली संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं यंत्राने तपासते. २०२५ च्या पाहणीत ९४.८ टक्के पानांवर नियमावलीचा भंग सापडला, दर पानामागे सरासरी ५१ चुका. आणि ज्या पानांवर आरिया वापरलं होतं त्यांवरच्या चुका न वापरलेल्या पानांच्या दुपटीहून अधिक होत्या. आरियाने चुका वाढवल्या असा याचा सरळ अर्थ नाही. गुंतागुंतीची पानंच ते अधिक वापरतात. पण ते शिंपडलं म्हणून पान पवित्र होत नाही, एवढं नक्की. आरियाच्या नियमांतला पहिलाच नियम सांगतो की ब्राउझरचा तयार घटक काम करत असेल तर तोच वापरा.

कायद्याचं काय?

कायदा आता झोपलेला नाही. युरोपात सार्वजनिक संस्थांच्या संकेतस्थळांसाठी २०१६ चा निर्देश आहे आणि आयर्लंडमध्ये तो २०२० पासून लागू आहे. इथल्या काउंटी कौन्सिलसारख्या संस्थांना आपलं संकेतस्थळ कुठे कमी पडतं ते जाहीर लिहून ठेवावं लागतं. २८ जून २०२५ पासून युरोपियन ॲक्सेसिबिलिटी ॲक्ट खाजगी कंपन्यांनाही लागू झाला: ऑनलाइन दुकानं, बँका, प्रवासाची तिकिटं, ई-पुस्तकं. आयर्लंडच्या नियमांत गंभीर गुन्ह्याला ६० हजार युरोंपर्यंत दंड आणि १८ महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे.

भारतात ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून यांच्या याचिकेवर निकाल दिला. त्या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या. बँकेचं खातं उघडताना ई-केवायसीसाठी कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून ‘जिवंत आहे’ हे सिद्ध करायला सांगितलं गेलं आणि ते त्यांना शक्य नव्हतं. त्याच प्रकरणातले दुसरे याचिकाकर्ते अमर जैन हे अंध वकील. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि २० निर्देश दिले. फॉर्मवरच्या एका खान्यावर जगण्याचा हक्क अडू शकतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आहे.

पण खरं सांगायचं तर मला कायद्याचा धाक दाखवायचा नाही. युरोपचा हा कायदा सेवा देणाऱ्या दहापेक्षा कमी माणसांच्या छोट्या उद्योगांना सूट देतो. आमच्या मंडळाच्या मोदकांसाठी कुणी मला तुरुंगात टाकणार नव्हतं. पंगतीत पान मांडताना आपण कायदा वाचत नाही. कुणाला उपास आहे, कुणाला साखर चालत नाही, कुणाला खाली बसता येत नाही म्हणून खुर्ची-टेबल लावायचं, हे आपल्या घरात न सांगता होतं. ज्या समाजाला पंगतीत हे सुचतं, त्याला फॉर्म बनवताना का सुचू नये?

माझ्या प्रयोगशाळेतली गोष्ट

यात अजून एक कबुली राहिली. मोदकाचं प्रकरण झाल्यावर मी माझ्या संशोधनाची प्रश्नावली उघडली आणि माउस बाजूला ठेवून भरायला बसलो. तिच्यात ‘० ते १०० यांमध्ये कुठे’ असं विचारणारी एक सरकपट्टी होती, मी हौसेने बनवलेली, गोल गुळगुळीत गोटीची. बाणांच्या कळांनी गोटी हलेना. ती सुरुवातीला ५० वर उभी असायची. आणि ‘पुढे’ दाबलं की पान निमूटपणे ५० हे उत्तर म्हणून नोंदवून पुढे जायचं.

म्हणजे ज्यांना गोटी हलवता आली नाही, त्यांचं मत माझ्या तक्त्यात ‘मध्यम’ म्हणून जमा होत होतं. ती माणसं गाळली गेली असती तर निदान त्यांची जागा रिकामी दिसली असती. इथे त्यांच्या तोंडी मी माझं उत्तर घातलं होतं. त्या ५० पैकी खरे किती आणि माझ्या गोटीचे किती, हे आता मला कधीच कळणार नाही. मी प्रकल्पप्रमुखांना सांगितलं, शोधनिबंधाच्या मर्यादांमध्ये ते लिहिलं, आणि पुढच्या फेरीसाठी ब्राउझरची साधी सरकपट्टी लावली, कोरी, उत्तर दिल्याशिवाय न मोजणारी. पण नमुना निवडताना वय, लिंग, उत्पन्न यांचा समतोल काटेकोरपणे सांभाळणारा मी एका गोटीने त्यावर पाणी ओतत होतो, हे विसरता येत नाही.

दहा मिनिटं

म्हणून वाचकांना एकच मागणं आहे. तुम्ही बँकेसाठी फॉर्म बनवत असा की शाळेच्या दिवाळी कार्यक्रमासाठी, पाठवण्याआधी दहा मिनिटं द्या. माउस बाजूला ठेवा आणि टॅब, स्पेस, एंटर, बाण, एस्केप एवढ्यांवर फॉर्म पूर्ण भरून पाहा. आपण कुठे आहोत ते प्रत्येक क्षणी दिसतं का ते पाहा. पान दुप्पट मोठं करा आणि काही कापलं जातं का बघा. विंडोजची ठळक रंगसंगती लावा. मुद्दाम एक चूक करा आणि ती लाल रेघेने नव्हे तर शब्दांत सांगितली जाते का ते तपासा. खान्यातला फिका मजकूर टाइप करायला लागताच गायब होतो, त्यामुळे तो लेबलचं काम करू शकत नाही. नाव खान्याबाहेर लिहा.

आणि शेवटी डोळे मिटून ऐका. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आधीच असतो. पहिल्यांदा ऐकताना गोंधळायला होईल, मलाही झालं. तरीही ऐका.

या वर्षी काका नाशिकलाच होते. जेवायला येणार नव्हते, तरी नवा फॉर्म मी त्यांना आधी पाठवला. अर्ध्या तासात उत्तर आलं. मोदक छान वाजतो म्हणाले, यादीही उघडते. ‘मात्र ईमेलच्या खाली एक खाना आहे, त्याला नावच नाही. मी त्यात काय लिहायचं?’

तो फोन नंबरचा खाना होता. लेबल लावायचं राहिलं होतं.